विंडोज ९८ वर डायल-अप जोडायचंय, पण नंबर फिरवायचा कुणाचा?

रंकाळाकाठी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत लहानसा कॉम्प्युटर क्लास हाय आपला. पोरांना नेटवर्किंग शिकवताना मॉडेम (कॉम्प्युटरचा डेटा फोनवरच्या आवाजात बदलणारा डबा), पीपीपी (फोन लागल्यावर दोन कॉम्प्युटर ज्या नियमानं नेट बोलतात ते), मॉड्युलेशन सगळं सांगतो पण त्यातल्या एकानंबी ते डोळ्यानं बघितलेलं न्हाई, म्हणून ठरवलंय की यंदा क्लासच्या प्रदर्शनात खरंखुरं डायल-अप, म्हणजे फोनच्या लाइनवरनं नंबर फिरवून लागणारं इंटरनेट, जोडून दाखवायचं. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून न्हवं, नंबर फिरवून.

सामान असं हाय. पेंटियम ३, १२८ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन. मॉडेम बाहेरचा, सिरियल, ५६के, लक्ष्मीपुरीत जुन्या सामानात गावला. त्याचा ॲडॉप्टर नव्हता म्हणून घरातला ९ व्होल्टचा लावलाय, पिन बसली. लँडलाइन हाय पण फायबरची, म्हणजे भिंतीवरच्या त्या डब्यातनं फोनची वायर येते.

आता रडगाणं. मॉडेम कंट्रोल पॅनेलमध्ये कधी दिसतो, कधी न्हाई. दिसला आणि डायल केलं तर एरर ६८०, डायल टोन न्हाई म्हणतंय. त्याच वायरला फोन लावून कानाला लावला तर टोन झकास. आणि समजा लागलाच, तर फिरवायचा कुठला नंबर? ही सर्व्हिस आता देतंय कोण?

तिकटीवरचा

१७२२३३ फिरव की भावा 😄 संचारनेट, बीएसएनएलचं जुनं डायल-अप. रात्री अकरानंतर लाव म्हणजे लाइन मोकळी असती.

चेष्टा सोड, आता आपल्याकडं कुणी देत असेल असं वाटत न्हाई. अमेरिकेत एओएलनं पण ३० सप्टेंबर २०२५ ला डायल-अप बंद केलं. मोबाईलवर तो आवाज वाजव, पोरं खुश, तू खुश, चहा घ्यायला ये तिकटीवर.

मृण्मयी_इचल

आवाज वाजवायचा नाही असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय त्यांनी, वाचा की जरा.

सर, तुम्ही चार वेगवेगळ्या गोष्टी एकदम तपासताय म्हणून गोंधळ होतोय. कॉम्प्युटर ते मॉडेम ही एक, मॉडेम ते लाइन ही दुसरी, पलीकडचा मॉडेम तिसरी आणि सगळ्यात शेवटी पीपीपी, म्हणजे युजरनेम पासवर्ड आयपी वगैरे. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हातच लावायचा नाही. डायल-अप नेटवर्किंगचा आयकॉन आत्ता बंद ठेवा.

हायपरटर्मिनल (पोर्टशी थेट बोलायचा विंडोजमधला प्रोग्रॅम) उघडा, डायरेक्ट टू कॉम १ निवडा, स्पीड ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल हार्डवेअर. मग एटी, म्हणजे मॉडेमला हाक मारायची कमांड, टाइप करून एंटर (अक्षरं इंग्रजीच हं, इथं मी देवनागरीत लिहितेय). ओके आलं पाहिजे. दहा वेळा टाइप केलं तर दहाही वेळा आलं पाहिजे. मग एटी&एफ, हे फॅक्टरी सेटिंग. मग एटीआय३ किंवा एटीआय४, त्यात चिपसेट काय आहे ते बऱ्याचदा कळतं. काय येतं ते जसंच्या तसं इथं टाका.

आणि ११५२०० बघून हुरळून जाऊ नका, तो कॉम्प्युटर आणि मॉडेममधला स्पीड आहे. लाइनवरचा वेगळा.

रंकाळाकाठी

धन्यवाद ताई. एटी टाकलं की कधी ओके येतं, कधी नुसते चौकोन, कधी काहीच न्हाई. केबल बदलून बघितली, तीच तऱ्हा. मॉडेमवरचे दिवे लागतात सगळे.

बावडेकर_इंटरकॉम

ॲडॉप्टरचा फोटो टाका.

रंकाळाकाठी

टाकला. ९ व्होल्ट डीसी, १ अँपिअर.

बावडेकर_इंटरकॉम

हितंच मेख हाय. मॉडेमच्या बुडाला बघा, बारीक अक्षरात ९ व्ही एसी लिहिलेलं असणार. त्या काळातल्या बऱ्याच बाहेरच्या मॉडेमना एसी आउटपुटचा ॲडॉप्टर लागायचा, म्हणजे आत नुसता ट्रान्सफॉर्मर, डायोड कपॅसिटर काय न्हाई. सिरियल पोर्टला प्लस आणि मायनस दोन्ही व्होल्टेज लागतात, ते मॉडेमच्या आत एसीच्या दोन बाजूंनी बनवतात. तुम्ही डीसी दिल्यावर एकच बाजू बनली. दिवे लागणार, पण मायनसची बाजू लुळी, म्हणून कधी बोलतोय कधी न्हाई. नशीब जळला न्हाई.

नवीन शोधू नका, उद्यमनगरात कुणाकडनंबी २३० ला ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, एक अँपिअर, पिन सोल्डर करा. एसीला प्लस मायनस नसतं त्यामुळं पिनची भानगड पण न्हाई. फक्त उघडा ठेवू नका, डबीत बसवा, पोरं हात लावत्यात.

पुणेरी_कॉम४

ॲडॉप्टरचं बावडेकर म्हणतात ते बरोबर. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. फायबरच्या फोन पोर्टवर मॉडेम नीट चालणार नाही, आणि पलीकडे उचलायला कुणी नाही. त्यामुळे ती लँडलाइन सोडूनच द्या.

एक आगाऊ सूचना. कुणी तुम्हाला आतला पीसीआय मॉडेम स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्यातले बहुतेक विनमॉडेम, म्हणजे कार्डावर फक्त लाइन जोडायचा भाग आणि बाकी सगळं काम विंडोजचा ड्रायव्हर प्रोसेसरवर करतो. ड्रायव्हर नाही तर कार्ड म्हणजे शोपीस, आणि लिनक्सवर तर डोक्याला ताप. जुना आयएसए जंपरवाला असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथे आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधायच्या लाइनचा नंबर, सांभाळायचा. कॉम १ आणि कॉम ३ दोघांचा ४, कॉम २ आणि कॉम ४ दोघांचा ३. कॉम १ वर सिरियल माऊस आणि कॉम ३ वर मॉडेम ठेवला की माऊस हलवला रे हलवला की नेट तुटायचं, आणि लोक टेलिफोन खात्याला शिव्या द्यायचे.

रंकाळाकाठी

ट्रान्सफॉर्मर लावला. बावडेकर, मानलं तुम्हाला, आता एटी टाकलं की ओके, परत टाकलं की परत ओके. नाद खुळा! एटीआय३ ला रॉकवेलचं नाव येतंय.

पण डायल केलं की ६८० तसंच. फायबरच्या फोनवर मॉडेम चालत न्हाई असं पुणेकर म्हणतात, ते का? टोन तर मला ऐकू येतोय. पोरं विचारणारच हे.

जुनी_वायर

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केलेला माणूस, आता निवृत्त, नातू हा धागा दाखवून गेला म्हणून लिहितो, टायपिंग सावकाश आहे तर सांभाळून घ्या.

आधी डायल टोनचं सांगतो. आपल्याकडचा टोन म्हणजे ४०० हर्ट्झ, त्यावर २५ हर्ट्झचं मॉड्युलेशन, म्हणून तो थोडा घरघरल्यासारखा येतो. अमेरिकेतला टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ असे दोन सूर मिळून. मॉडेम तिकडच्या सेटिंगवर असला तर तो तिकडच्या टोनची वाट बघत बसतो, आपला टोन त्याच्या लेखी टोनच नाही. त्याला एटीएक्स३ द्यायचं, म्हणजे टोनची वाट न बघता थोडं थांबून सरळ नंबर फिरवतो. विंडोजमध्ये मॉडेमच्या प्रॉपर्टीज, कनेक्शन, ॲडव्हान्स्ड, तिथं एक्स्ट्रा सेटिंग्जचा रकाना आहे त्यात एक्स३ लिहायचं. एकेकाळी हे आम्ही फोनवर इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेतही म्हणत असेन.

आता फायबरचं. टेलिफोनवर आवाज जातो तो साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच. डिजिटल एक्सचेंजमध्ये त्याचे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे, एकेक नमुना ८ बिटचा, म्हणून एका कॉलला ६४ हजार बिटचा रस्ता, आणि तो रस्ता कॉल संपेपर्यंत तुमच्या एकट्याचा, मध्ये कुणी शिरत नाही, घड्याळ सगळीकडे एक. फायबरच्या डब्यात तोच आवाज पाकिटं करून पाठवतात, एखादं पाकीट उशिरा आलं किंवा गळालं तर अंदाजानं भर घालतात, कधी आवाज आणखी दाबून छोटा करतात, कुणी बोलत नसेल तेव्हा पाठवणंच थांबवतात. माणसाच्या कानाला हे समजत नाही. मॉडेमला मात्र तो सूर मिलिसेकंदानं जरी सरकला तरी मधली सगळी अक्षरं चुकली. कधी लागेलही, पण भरवसा नाही, आणि प्रदर्शनात चार माणसांसमोर तर मुळीच नाही.

तो जो कर्कश आवाज तुम्हाला मुलांना ऐकवायचा आहे त्याचाही अर्थ सांगून ठेवा. पलीकडचा मॉडेम उचलतो तेव्हा आधी २१०० हर्ट्झचा लांब सूर देतो. मधे मधे त्याची फेज उलटी करतो, तो टकटक असा ऐकू येतो, त्यानं लाइनवरचे इको दाबणारे यंत्र बंद होतात. मग दोघे एकमेकांना कुठलं कुठलं स्टँडर्ड येतं ते विचारतात, मग लाइनवर वेगवेगळे सूर सोडून कुठला सूर किती खराब होऊन पोहोचतो ते मोजतात, आणि शेवटी जी खरखर येते ते ट्रेनिंग. खासबागेत दोन मल्ल लढत सुरू व्हायच्या आधी खडाखडी करतात ना, समोरच्याच्या अंगात किती आहे ते बघायला, तसं समजा. त्यानंतर स्पीकर बंद होतो आणि खरं काम सुरू.

तिकटीवरचा

काका एक नंबर!! मी आपला चेष्टा करायला आलतो, आता हितंच बसतो.

बावडेकर_इंटरकॉम

मग एक्सचेंज घरातच घाला की. साधा तीन लाइन आठ एक्स्टेंशनचा इंटरकॉम बॉक्स, ॲनालॉगवाला, दवाखान्यात हॉटेलात असायचा त्यातला. आता मोबाईलमुळं लोक काढून टाकायला लागलेत, माझ्याकडंच चार पडलेत. एक्स्टेंशन २१ ला विंडोज ९८ चा मॉडेम, २२ ला दुसरा मॉडेम. २१ वरनं २२ फिरवायचं, घंटी वाजणार, दुसरा उचलणार. बाहेरच्या लाइनची गरजच न्हाई, बिल न्हाई, रेंज न्हाई. काय काका, बरोबर हाय न्हवं?

फक्त एक, या बॉक्सचा टोन कंपनीपरत वेगळा असतोय त्यामुळं काकांनी सांगितलेलं एक्स३ हितं पण लागणारच.

पुणेरी_कॉम४

इंटरकॉम बॉक्स कशाला एवढा अवजड? दोन फोन पोर्टवाला व्हॉइप ॲडॉप्टर (इंटरनेटवरून फोन जोडणारा डबा) येतो, तळहाताएवढा. एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टला डायल. कोडेक जी ७११ ए-लॉ, सायलेन्स सप्रेशन बंद, इको कॅन्सलर बंद, जिटर बफर फिक्स्ड. मी याच पद्धतीने ३१.२ हजार बिटपर्यंत जोडलंय.

बावडेकर_इंटरकॉम

तुमच्या त्या तळहाताएवढ्यात दोन सेटिंग बंद, एक फिक्स, आणि ती बंद कुठं करायची ते शोधण्यात दुपार गेली. माझ्या डब्यात दोन वायर खुपसल्या की चालू. आणि पोरांना झाकण उघडून रिले कसा टकटक करतोय ते पण दाखवता येतंय. तुमच्यात काय दाखवणार, हिरवा दिवा?

पुणेरी_कॉम४

प्रदर्शनासाठी म्हणत असाल तर मान्य, डबा बरा.

जुनी_वायर

दोन्ही मार्गांनी जोडलं तरी ५६ हजार मिळणार नाहीत, ३३.६ ची कमाल मर्यादा, हे आधीच सांगून ठेवतो नाहीतर मॉडेमला दोष द्याल. ५६के म्हणजे व्ही.९० मध्ये इंटरनेट देणाऱ्याकडचा मॉडेम डिजिटल लाइननं थेट एक्सचेंजला जोडलेला असायचा, त्यामुळं त्याच्याकडून तुमच्याकडे येताना ॲनालॉगचं रूपांतर एकदाच व्हायचं, तुमच्या दारातल्या तारेवर. म्हणून फक्त उतरायचा वेग ५६, चढायचा ३३.६ च. तुमच्याकडे दोन्ही टोकांना ॲनालॉग मॉडेम, तेव्हा व्ही.३४ वरच, म्हणजे त्याच्या आधीच्या स्टँडर्डवरच येणार. त्यातही २८.८ ते ३३.६ मध्ये काही आलं की समाधान माना.

मृण्मयी_इचल

छान, म्हणजे लाइनचं ठरलं. आता पलीकडचं टोक. याला रास्पबेरी पाय (छोटा लिनक्स कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय म्हणते) पुरे, क्लासमध्ये असेलच एखादा. दुसरा मॉडेम यूएसबीचा मिळाला तर उत्तम, पण हार्डवेअर मॉडेम बघून घ्या, लिनक्सवर तो टीटीवाय एसीएम० म्हणून दिसतो. सिरियलच असेल तर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावा, मग टीटीवाय यूएसबी०.

पायवर दोन पॅकेज लागतात, एमगेटी आणि पीपीपी. एमगेटी घंटी वाजली की मॉडेमला उचलायला सांगतो आणि पलीकडून पीपीपी बोलतायत असं दिसलं की पीपीपीडीच्या हवाली करतो. त्याच्या लॉगिन कॉन्फिग फाईलमध्ये ऑटोपीपीपीची ओळ असते, पुढे हॅश लावून बंद ठेवलेली, तो हॅश काढायचा. त्या ओळीत शेवटी लॉगिन असा शब्द असेल तर तो सध्या काढून टाका, नाहीतर पायवरचा खरा युजर पण लागतो आणि उगाच गुंता. एमगेटीच्या मुख्य कॉन्फिगमध्ये डेटा-ओन्ली येस ठेवा, नाहीतर तो फॅक्स पण उचलायला बघतो.

पीपीपीच्या ऑप्शन्समध्ये क्रटएससीटीएस, म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोल, मग लॉक, मॉडेम, आणि आयपी दोन्ही बाजूचे, १९२.१६८.५०.१ कोलन १९२.१६८.५०.२. एमएस-डीएनएस म्हणून तुमच्या राउटरचा पत्ता. पॅप-सीक्रेट्स फाईलमध्ये एक ओळ, युजरनेम, तारा (*), पासवर्ड, तारा. शेवटची तारा विसरली तर पीपीपीडी त्या युजरला आयपीच देत नाही आणि लॉगमध्ये अनऑथराइज्ड लिहितो. मग कर्नलमध्ये आयपी फॉरवर्डिंग १ करा आणि आयपीटेबल्समध्ये ज्या बाजूनं पायला नेट येतंय, वायफाय असेल तर डब्ल्यूलॅन०, त्या बाजूला मास्करेड, म्हणजे विंडोजचा डेटा पायच्याच पत्त्यानं बाहेर जाईल.

विंडोजकडे डायल-अप नेटवर्किंगमध्ये नवीन कनेक्शन, नंबर २२, एरिया कोडची खूण काढा नाहीतर तो ०२३१ चिकटवत बसेल. सर्व्हर टाइप्समध्ये पीपीपी, खाली फक्त टीसीपी/आयपी ठेवा, नेटब्युई आणि आयपीएक्सच्या खुणा काढा, लॉग ऑन टू नेटवर्क पण काढा. डायल-अप नेटवर्किंगच दिसत नसेल तर ॲड/रिमूव्ह प्रोग्रॅम्समध्ये विंडोज सेटअप, कम्युनिकेशन्समधून टाका. सीडी मागेल. बऱ्याच तयार मशीनवर कॅब फाईली हार्ड डिस्कवरच विंडोजच्या ऑप्शन्स फोल्डरमध्ये असतात, आधी तिथं बघा.

पण थांबा, हे सगळं करायच्या आधी हायपरटर्मिनलमधून नुसतं एटीडीटी२२ देऊन बघा आणि पायवर मिनिकॉम (हायपरटर्मिनलसारखाच प्रोग्रॅम) उघडून रिंग असं येतंय का ते बघा. आलं की तिथं एटीए (म्हणजे फोन उचल) टाका. दोन्हीकडे कनेक्ट आलं तर एकीकडे टाइप केलेलं दुसरीकडे दिसेल. ते झाल्याशिवाय पीपीपी नाही.

रंकाळाकाठी

ताई, काय सांगू. बावडेकरांकडनं डबा आणला, त्यांनी वायरिंग पण करून दिलं, चहाचे पैसे पण घेतले न्हाईत. एटीडीटी२२ दिलं, रिंग आलं, एटीए दिलं, आणि जो आवाज सुरू झाला, शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकू धावत आल्या की काय जळतंय काय. एका स्क्रीनवर "जेवलास काय" टाइप केलं ते दुसऱ्या स्क्रीनवर. पोरं आता क्लास सुटला तरी घरी जाईनात.

पीपीपीला अडलंय मात्र. विंडोजमधनं डायल केलं, आवाज झाला, व्हेरिफाइंग युजर नेम अँड पासवर्ड आलं आणि लगेच तुटलं. पासवर्ड बरोबर हाय, पॅप-सीक्रेट्समध्ये तुम्ही सांगितलं तसंच, शेवटच्या ताऱ्यासकट.

मृण्मयी_इचल

सर्व्हर टाइप्समध्ये रिक्वायर एन्क्रिप्टेड पासवर्डवर खूण आहे का बघा. असेल तर काढा. पाय म्हणतोय पासवर्ड साध्या पॅपनं दे, विंडोज म्हणतोय एन्क्रिप्ट केल्याशिवाय देणार नाही, दोघंही हट्टी.

एरर नंबर लक्षात ठेवा, पोरांच्या परीक्षेला पण घालता येतील. ६३० म्हणजे मॉडेमच उत्तर देत नाही. ६७६ एंगेज. ६७८ म्हणजे पलीकडून कुणी उचललं नाही किंवा उचलून जुळलं नाही. ६८० डायल टोन. ६९१ युजरनेम पासवर्ड. ७२० म्हणजे प्रोटोकॉल जुळले नाहीत, बहुतेक टीसीपी/आयपीची खूण निघालेली असते. नंबर बघितला की कुठल्या पायरीवर अडलंय ते समजतं.

रंकाळाकाठी

खूण होती! काढली आणि लागलं!! घड्याळाशेजारी ते दोन कॉम्प्युटरचं बारकं चित्र आलं. पण हे "कनेक्टेड ॲट ११५२०० बीपीएस" कसं काय? काका ३३.६ म्हणालेत.

पुणेरी_कॉम४

तो पोर्टचा स्पीड दाखवतोय. एक्स३ च्या पुढे डब्ल्यू२ जोडा, म्हणजे रकान्यात एक्स३डब्ल्यू२. मग मॉडेम लाइनवरचा खरा स्पीड कळवेल.

रंकाळाकाठी

३१२००. बास झालं आपल्याला.

पण आता ब्राउझरमध्ये काय उघडत न्हाई. पिंग १९२.१६८.५०.१ ला येतंय, बाहेरच्या आयपीला पण येतंय, नावानं पण येतंय. साइट उघडायला गेलं की पेज कॅनॉट बी डिस्प्लेड.

पुणेरी_कॉम४

मग जोडणी शंभर टक्के ठीक आहे, दोष काळाचा. विंडोज ९८ च्या ब्राउझरला आजचं टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) येत नाही आणि आज जवळपास प्रत्येक साइट एचटीटीपीएसवर. पायवर वेबवन नावाचा प्रॉक्सी टाका, तो बाहेर एचटीटीपीएस बोलतो आणि आत जुन्या ब्राउझरला साधं एचटीटीपी देतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून पायचा पत्ता. किंवा फ्रॉगफाइंड उघडा, तो शोधयंत्राचे निकाल आणि पानं साधी करून देतो, जुन्या मशीनसाठीच बनवलाय.

आणि ब्राउझरच्या ऑप्शनमध्ये जाऊन चित्रं बंद करा. ३१२०० म्हणजे सेकंदाला चार केबीच्या आतच. मोबाईलवर काढलेला दोन एमबीचा एक फोटो उतरायला नऊ मिनिटं. पोरांना एक फोटो उतरवून दाखवा, वरून खाली रेघारेघांनी उघडताना. बाकी काही समजवावं लागणार नाही.

तिकटीवरचा

नऊ मिनिटं 😂 आमच्या वेळी महाद्वार रोडला कॅफेत तासाचे पैसे भरून दहावीचा निकाल बघायला गेलतो, अर्ध्या तासात बोर्डाचं नुसतं चित्र आलं. बाहेर पडून पेपरात बघितला.

जुनी_वायर

तिकटीवरचे, त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राची पोरं एकाच जागी डोकवत होती, त्यात तुमच्या लाइनचा काय दोष. बाकी १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं इंटरनेट सामान्य लोकांना दिलं तेव्हा तर शेल अकाउंट म्हणून प्रकार होता, त्यात चित्र हा विषयच नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. तुमच्या पायवर एखादं साधं लॉगिन ठेवा आणि मुलांना तेही दाखवा, मघाशी जेवलास काय टाइप केलं ते त्याच जातीचं.

एक सूचना, महत्त्वाची. ही व्यवस्था क्लासच्या आत आहे तोवर ठीक. पण हौसेनं एखादं एक्स्टेंशन बाहेरून, गच्चीवरून दुसऱ्या इमारतीत नेलं तर वळवाच्या पावसात ती वायर मॉडेममधून काढून ठेवत जा. एप्रिल-मे मध्ये विजा पडल्या की दुसऱ्या दिवशी जळक्या मॉडेमची रांग लागायची, नुसतं पॉवरचं बटण बंद करून काही होत नाही, वीज फोनच्या तारेतून येते. आणि पावसाळ्यात जॉइंटला ओल धरली की खरखर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठंपर्यंत आलेलं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंच आहे, तांब्याच्या तारेचे असे किती जॉइंट जमिनीत असतील विचार करा.

रंकाळाकाठी

काका, प्रदर्शनाला तुम्हीच या. आवाजाचा अर्थ तुमच्या तोंडून ऐकवू पोरांना. न्यायला गाडी पाठवतो.

जुनी_वायर

येतो. गाडी नको, केएमटीची बस आहे.

शिरोली_फर्नेस

धागा वाचला, मला पण एक विचारायचंय, चालेल ना इथंच? आमच्या फौंड्रीत फर्नेसच्या जुन्या पॅनेलला डायल-इन मॉडेम आहे, आतला डेटा त्यातूनच निघतो. बनवणाऱ्यांनी सांगितलं आता सपोर्ट नाही. मी विंडोज ११ च्या लॅपटॉपला यूएसबी मॉडेम लावलाय, कंपनीच्याच इंटरकॉमवरून पॅनेलचं एक्स्टेंशन फिरवतो. जुळायला फार वेळ घेतो, कधी जुळतच नाही, आणि जुळलं तर स्क्रीनवर कचरा अक्षरं. मधे मधे एखादं इंग्रजी अक्षर बरोबर.

मृण्मयी_इचल

तुम्हाला डायल-अप कनेक्शन बनवायची गरज नाही, पॅनेल पीपीपी बोलत नसणार. टर्मिनल प्रोग्रॅम घ्या आणि थेट कॉम पोर्ट उघडा.

जुळायला वेळ लागतो कारण तुमचा मॉडेम व्ही.९० पासून सुरू करून एकेक पायरी खाली येतोय आणि पॅनेलचा बिचारा बहुतेक ९६०० वाला. आधीच सांगून टाका, एटी+एमएस=व्ही३२. काही मॉडेमना ही कमांड वेगळी असते, त्याच्या माहितीपुस्तकात बघा. मग एटी\एन० देऊन एरर करेक्शन बंद करून बघा, जुन्या औद्योगिक मॉडेमना ते समजत नाही कधीकधी.

आणि काही अक्षरं बरोबर, काही कचरा, हे पॅरिटीचं लक्षण. ८ बिट नो पॅरिटी सोडून ७ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप करा.

शिरोली_फर्नेस

ताई लागलं! ७ बिट इव्हन केल्यावर स्वच्छ अक्षरं आली. बारा-पंधरा सेकंदात जुळतंय आता. लॉगिन विचारतोय, ऑपरेटर आयडी आणि चार आकडी कोड. तो कोड इथं कुणालाच माहीत नाही. आमचे जुने शिफ्ट सुपरवायझर मार्चमध्ये रिटायर झालेत, उचगावला असतात, संध्याकाळी जाऊन त्यांनाच विचारतो.

बावडेकर_इंटरकॉम

जाताय तसं पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पण बघा. असले कोड तिथंच मार्करनं लिहिलेले असत्यात.